छत्रीचं ठिगळ लावलेलं शीड

माझ्या मैत्रिणी मालकीणबाईंनी पळवल्या, आणि त्याही शिडाच्या होडीतून. साध्या मोटारीतून किंवा सहलीच्या बसमधून पळवल्या असत्या तर मी भांडले तरी असते. पण शिडाच्या होडीशी भांडणार कसं? ती दिसायला सुंदर असते, आवाज करत नाही, आणि तिच्यात बसलेली माणसं काठावरून फार सुखी दिसतात. मी काही दिवस काठावर उभी राहून ते सुख पाहिलं आणि मग निमूटपणे लाइफ जॅकेट चढवून आत जाऊन बसले. तेव्हापासून त्या जाईपर्यंत मी त्यांच्यावर खार खाऊन होते. आजही आहे. हे लिहिताना मला पश्चात्ताप वगैरे काही होत नाहीये, ते आधीच सांगून टाकते.

आम्ही चौघी. सुधा, मीनल, विजया आणि मी. सुधा आणि मी जवाहर चौकामागच्या सरकारी क्वार्टरमध्ये एका भिंतीच्या अल्याडपल्याड वाढलो. दोघींचेही वडील नागपूरचे, कचेरीबरोबर भोपाळला आलेले. मीनल ग्वाल्हेरची, बँकेतली. विजया इंदूरची, शाळेत शिकवणारी, आमच्यात सगळ्यात लहान. या दोघींना मीच गोळा केलं होतं. कुठे जायचं, कधी जायचं, कोणी कोणता डबा आणायचा हे मी ठरवायचे आणि बाकीच्या तिघी 'तू म्हणशील तसं' म्हणायच्या. मला ते फार आवडायचं. मग सुधाच्या यजमानांना मंडीदीपला कामावर जायला सोयीचं पडावं म्हणून ती बाग सेवनियात राहायला आली. मी मिसरोदला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. घर मीच शोधून दिलं होतं. तेवढ्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

वरच्या मजल्यावर सुधा, खाली घरमालकीण. सुधा त्यांना मालकीणबाई म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. अंगाने काटकुळ्या, केस पुरुषांसारखे बारीक कापलेले, सलवारीवर यजमानांचे जुने शर्ट घालायच्या. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. शर्ट मात्र अजून संपले नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्या सकाळी वर आल्या, सुधाला काही न विचारता देवघरात गेल्या, देवापुढची पेटती उदबत्ती उचलली आणि गॅलरीत जाऊन तिचा धूर कुठे वळतो ते पाहत उभ्या राहिल्या. पाहून झाल्यावर उदबत्ती परत जागेवर लावली आणि खाली निघून गेल्या. सुधाने मला घाबरून फोन केला. मी म्हटलं, बाई विक्षिप्त दिसते, अंतर ठेवून राहा. महिन्याभरात सुधा स्वतःच रोज उदबत्ती घेऊन गॅलरीत जाऊ लागली आणि मला फोन करून आज हवा कुठून आहे ते सांगू लागली.

त्यांचं सगळं जगणं वाऱ्याच्या हिशेबाने चाले. दोरीवर कपडे वाळत घालताना मधोमध लोकरीचा एक लाल धागा बांधायच्या आणि तो कसा हलतो त्यावरून दिवसभर काय करायचं ते ठरवायच्या. समोरून वारा असला तर सरळ चालायच्या नाहीत. रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला, मग पुन्हा या कडेला, अशा तिरप्या तिरप्या पुढे जायच्या. म्हणायच्या, वाऱ्याच्या तोंडावर जायची रीत हीच आहे, होडी काय आणि माणूस काय. होशंगाबाद रोडवर लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. एकदा आम्ही सगळ्या जवाहर चौकात साड्या घ्यायला गेलो. वारा समोरून होता. मालकीणबाई तिरप्या चालू लागल्या, त्यांच्यामागे सुधा तिरपी, सुधामागे मीनल आणि विजया हसत हसत तिरप्या. मी सरळ चालत गेले. दुकानात अर्थातच सगळ्यांच्या आधी पोचले, आणि स्टुलावर एकटी बसून काचेतून त्यांची ती वरात पाहत राहिले. दुकानदाराने विचारलं, 'मॅडम, अकेली हैं?' मी हो म्हटलं.

होडी त्यांच्या यजमानांची होती. रुंद, उघडी, एकाच शिडाची. शीड एका वादळात फाटलं होतं आणि तिथे त्यांनी जुन्या छत्रीचं काळं कापड शिवून टाकलं होतं. मासेमारांच्या होड्या लागतात त्या घाटावर ती बांधलेली असे, आणि बडा तालाबवर कुठूनही ते काळं ठिगळ दिसलं की काठावरचे लोक म्हणत, चाची निकली हैं. रविवारी सकाळी आम्ही घाटावर जमायचो. जाताना गरम पोहे आणि जलेबी घ्यायची, थर्मासमध्ये मिठाचा चहा. हो, मिठाचा. या भोपाळी चहाबद्दल सुधाने आणि मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण घरी कोणी करत नव्हतं. मालकीणबाई चहात साखर घालायच्या आणि वर चिमूटभर मीठही. पहिला कप होडीबाहेर ओतायच्या. आपण तालाबाच्या घरी आलो, आधी त्याला विचारायला नको का, म्हणायच्या. मीनल, जी बँकेत अर्ध्या पैशाचा फरक सोडत नाही, ती भक्तिभावाने तो सांडलेला चहा पाहायची. मला तो चहा मुळीच आवडायचा नाही. आता घरी मीही तसाच करते, पण ते कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या चौघींचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता. अर्थात मी केलेला. त्यात मी रोज फुलांचं चित्र आणि शुभ सकाळ पाठवायचे. विजया म्हणाली, मालकीणबाईंनाही घेऊ या. घेतलं. दुसऱ्या दिवशीपासून मालकीणबाई रोज सकाळी एकच ओळ पाठवू लागल्या. 'आज वायव्येकडून.' एवढंच. त्याखाली तिघींचे जोडलेले हात, फुगे, हसरे चेहरे, आणि सुधाचं लांबलचक काहीतरी. माझ्या फुलांखाली काहीच नाही. मग एक दिवस विजयाने अगदी सहज विचारलं, मालकीणबाईंनाही अ‍ॅडमिन कर ना. मी केलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते सुधाचं.

सुधाला पाण्याची भीती. लहानपणापासून. शाळेच्या सहलीत भेडाघाटला नावेत बसताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे घट्ट मिटून बसली होती. मला पोहता येतं, चांगलं येतं. तिला शिकवायचा मी किती वेळा प्रयत्न केला. शिव्या दिल्या, लाडीगोडी लावली, तिच्या मुलासमोर तिची थट्टाही केली. ती गुडघ्याएवढ्या पाण्यापुढे कधी आली नाही. मी शेवटी तो विषय सोडून दिला होता आणि मनात कुठेतरी, ती माझ्याशिवाय पाण्याजवळ जाणार नाही याचं मला बरंही वाटायचं.

मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी तिला मागच्या बाजूला, सुकाणूजवळ बसवलं. सुधा पांढरीफटक पडली होती. त्यांनी विचारलं, भीती वाटते ना? सुधाने मान हलवली.

'मग हे धर,' त्या म्हणाल्या आणि सुकाणूची काठी तिच्या हातात दिली. 'ज्याला भीती वाटते तोच नीट पाहतो. मी बसून राहिली ना इथे, तुझ्या शेजारी.'

सुधाने धरलं. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. दात घट्ट आवळून समोर पाहत राहिली, आणि होडी टापूवरच्या दर्ग्याच्या दिशेने अशी सरळ निघाली की किनाऱ्यावरच्या एका मासेमाराने हात वर केला. सुधाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी आमच्या सगळ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी ते आणलं नव्हतं, म्हणून ते मला पाहवेना.

मी म्हटलं, मला पोहता येतं, सुकाणू मला दिलं तरी चालेल.

'पोहता येतं म्हणूनच देत नाही,' मालकीणबाई म्हणाल्या. 'पोहणाऱ्याला बुडायची फिकीर नसते. तू मधे बस आणि शिडाचा दोर धर. मी सांगेन तेव्हाच सोडायचा.'

आणि तेव्हापासून होडीतली आमची जागा ठरून गेली. मागे सुधा सुकाणूवर, तिच्या अंगाला अंग लावून मालकीणबाई. मी मधे, दोर हातात. मीनल आणि विजया माझ्या दोन बाजूंना गप्पा मारत. दोर म्हणजे काय, तर वारा शिडात धरून ठेवायचा. आवळला की होडी पळते, फार जोराचा झोत आला की जरा सैल करायचा. काम महत्त्वाचं, पण पाठीमागे वळून पाहता येत नाही. पाठीमागे त्या दोघी काय कुजबुजतात ते मला ऐकू यायचं नाही. हसल्याचं तेवढं ऐकू यायचं. मी दोर आवळून धरायचे.

संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी माझ्याकडे असतं. मिसरोदच्या माझ्या घरी, चौघींनी काळ्या साड्या नेसून, मी केलेल्या गुळाच्या पोळ्या खायच्या. त्या वर्षी आठवडाभर आधी ग्रुपवर ओळ आली: 'संक्रांतीला पूर्वेकडून राहील. होडीतच करू.' खाली तिघींचे फुगे. माझं हळदीकुंकू, माझ्या पोळ्या, माझी संक्रांत. आणि मलाच विचारलेलं नाही. मी सुधाला फोन केला. ती म्हणाली, अगं, किती मजा येईल, काळ्या साड्या आणि वर केशरी जॅकेटं. मी म्हटलं, येईल.

तर आम्ही काळ्या साड्यांवर केशरी जॅकेटं चढवून, माझ्या पोळ्यांचा डबा घेऊन निघालो. थंडी होती, हवा मंद आणि एकसारखी. मालकीणबाईही त्या दिवशी साडी नेसल्या होत्या. तालाबाच्या मध्यावर आल्यावर मी दोर मीनलच्या हातात दिला आणि करंडा काढला. विजयाला हळदीकुंकू लावलं, मीनलला लावलं, मागे सरकून सुधाला लावलं. आणि करंडा हातात घेऊन थबकले. शेजारी मालकीणबाई. लावावं तर त्यांना काय वाटेल, न लावावं तर काय वाटेल. मी आठवडाभर फक्त माझा अपमान मोजत बसले होते. हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता.

'माझ्याकडे काय पाहून राहिली?' त्या म्हणाल्या. 'होडीला लाव ना. तिचा नवरा वारा आहे. तो काही मरत नाही.'

विजयाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीनल हसता हसता रडायला लागली. सुधाने त्यांचा हात धरला. माझ्या हळदीकुंकवाला, माझाच करंडा हातात असताना, त्या बाईने सगळ्यांना पुन्हा एकदा जिंकून घेतलं. मी डोलकाठीला हळद लावली, कुंकू लावलं, चार तीळगूळ तिच्या पायाशी ठेवले. मग मीनलकडून दोर परत घेतला आणि माझ्या जागेवर बसले.

होडीत नमस्कार करायचा नाही, असा काही नियम त्यांनी तोवर घातला नव्हता. तीळगूळ दिल्यावर लहानाने मोठ्याच्या पाया पडायचं, हे आमच्यापैकी कोणाला सांगावं लागत नाही. पाय आपोआप तिकडे वळतात. आधी विजया उठून वाकत वाकत मागे गेली. तिच्यामागे मीनल. होडीचं मागचं अंग खाली दबलं. मालकीणबाई प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवायला थोड्या उठत होत्या. 'तूही ये ना,' मीनलने मला हाक मारली. मी नाही म्हटलं, दोर कोण धरेल. खरं म्हणजे मला त्यांच्या पाया पडायचं नव्हतं.

मग सुधाची पाळी आली. सुधा त्यांच्या शेजारीच बसलेली. ती वळली, आणि एका हाताने नमस्कार कसा करायचा म्हणून तिने सुकाणू सोडून दिलं. दोन्ही हातांनी, मनापासून, पाया पडली.

होडीने तोंड फिरवलं. वारा शिडाच्या मागून शिरला आणि शिडाची खालची आडवी काठी या बाजूकडून त्या बाजूकडे सपकन फिरली. दोर माझ्या हातात आवळलेला होता म्हणून ती पुरती फिरू शकली नाही, पण मालकीणबाई आशीर्वाद द्यायला उभ्या होत्या. त्यांच्या खांद्याला काठी लागली आणि त्या उलट्या पाण्यात गेल्या. होडी कलंडली, एका बाजूने पाणी आत आलं. मी दोर सोडला, शीड फडफडलं, होडी सरळ झाली. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आधी घट्ट आणि मग एकदम सैल. मग मी उडी मारली.

पाणी अंगाला चावत होतं. केशरी जॅकेटवर त्या तरंगत होत्या, पण चेहरा असा होता की मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी माझा दंड धरला. नखं रुतली.

'मला पोहता येत नाही,' त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, जॅकेट आहे, काही होत नाही, मला धरून ठेवा. मीनल वल्हं पुढे करत होती. सुधा पुन्हा सुकाणूला चिकटली होती आणि ओरडत नव्हती, रडत नव्हती, डोळे आमच्यावरून न हलवता होडी आमच्याकडे आणत होती.

घाटावर मासेमारांनी शेकोटी केली होती. कोणीतरी शाल दिली. बाकीच्या तिघी होडीतलं पाणी काढत होत्या आणि आम्ही दोघी विस्तवापाशी बसलो. माझे दात वाजत होते. माझ्या पोळ्या तालाबात गेल्या होत्या आणि खरं सांगायचं तर त्याचंही मला वाईट वाटत होतं. मालकीणबाईंनी थर्मासमधला चहा मला दिला.

'तू नमस्काराला उठली नाहीस,' त्या म्हणाल्या.

'नाही.'

'बरं झालं. तूही उठली असतीस तर होडी उलटली असती.' त्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली. 'आमचे हे पट्टीचे पोहणारे. सुकाणू कधी माझ्या हातात दिलं नाही. मी आपली दोर धरून बसायची. इतका हेवा वाटायचा मला त्यांचा. ते गेले ना, तेव्हा रडायच्या आधी माझ्या मनात काय आलं सांगू? आता सुकाणू माझं.'

मी कप खाली ठेवला.

'तुझ्या डोळ्यांत दिसतं मला,' त्या म्हणाल्या. 'पहिल्या दिवसापासून. म्हणून तर दोर तुझ्याकडे दिला. जिच्या पोटात जळून राहिलंय, तिच्या हातून दोर सुटत नाही.'

नाही म्हणता येत नव्हतं आणि हो म्हणायची इच्छा नव्हती. मी चहा संपवला. त्यात मीठ होतं. तिकडून सुधा आली, त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, तुझी साडी वाळव. एवढंच म्हणाली.

त्यानंतर 'होडीत नमस्कार नाही' हा नियम झाला आणि पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा त्याच जागांवर. मालकीणबाई आणि माझ्यात शेकोटीजवळच्या बोलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मला वाटलं होतं, एकदा ओळखल्यावर हेवा कमी होईल. झाला नाही. फक्त आता त्यांना तो दिसतो हे मला माहीत होतं, आणि पाठीमागे त्या हसल्या की मी जास्तच दोर आवळायचे, आणि त्या मागून म्हणायच्या, वा, छान धरलंय.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. सुधाने सकाळी फोन केला. तिला बोलता येत नव्हतं. मी ऐकून घेतलं, येते म्हटलं, फोन ठेवला. आणि रडायच्या आधी माझ्या मनात आलं, सुधाच्या शेजारची जागा रिकामी झाली. मग मी रडले. पुष्कळ रडले, आणि ते खोटं नव्हतं. पण आधी काय आलं ते आधीच आलं होतं. जिला ते सांगता आलं असतं, ती एकच बाई होती.

होडी त्यांच्या भाचीने आमच्याकडेच राहू दिली. पाऊस ओसरल्यावर, तालाब काठोकाठ भरलेला असताना, आम्ही चौघी घाटावर गेलो. सुधाने येताना घरून उदबत्ती आणली होती. ती पेटवून धूर पाहिला आणि म्हणाली, पूर्वेकडून. मीनल आणि विजया आपापल्या जागी बसल्या. मी सरळ मागे गेले आणि सुकाणूशेजारी बसले. लाकूड ऊन लागून गरम झालं होतं. सुधा आली, माझ्याकडे पाहिलं.

'इथे नको,' ती हळूच म्हणाली. 'पुढे जा. दोर कोण धरणार?'

मी पुढे गेले. सुधाने थर्मास उघडला, पहिला कप तालाबात ओतला, दुसरा भरला आणि माझ्या हातात नाही, मीनलच्या नाही, स्वतःच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. मग सुकाणू धरलं. शीड भरलं, काळं ठिगळ ताणलं गेलं, होडी टापूकडे निघाली. मी या वेळी वळून पाहिलं. सुधा मधूनमधून त्या जागेकडे पाहून काहीतरी बोलत होती आणि तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं. मला त्या रिकाम्या जागेचा इतका हेवा वाटला की दोर तळहाताला काचला. मी तो सोडला नाही.